पोटकलम

कसबा बावड्याच्या वाटेवर, कोर्टाबाहेर,
पत्र्याखाली माझा कॉम्प्युटर.
खरेदीखत, हक्कसोड, वारसाचा अर्ज,
पानाला वीस रुपये.
लिहून देणार, लिहून घेणार,
मधे मी, नुसती बोटं.

सतराव्या क्रमांकाचा अपवाद
मीच टाईप केला होता एकदा
कुणा वकिलाच्या तक्रारीला जोडायला:
वंध्यत्व व निर्बीजता यांवरील उपचारांचा खर्च
सदर पॉलिसीत समाविष्ट नाही.
एक वेलांटी चुकली होती, ती सुधारली.
वाक्य सुधारणं माझं काम नव्हतं.

शिरोलीच्या फौंड्रीत सातापाचा अंगठा गेला
तेव्हा विम्याच्या खिडकीतला तेजपाल मगदूम
दीड तासात मंजुरी घेऊन धावत आला,
"वहिनी, एक रुपाया भरू नका कुठं."
तोच तेजपाल परवा
फाईल पालथी घालून ठेवतो
आणि तिच्याकडंच बघत म्हणतो,
"ह्यो आजार धरत न्हाईत, वहिनी."

मग घरी कशाला धरतात?
जावेच्या डोहाळजेवणात मला
भांड्यांपाशी बसवलं, मागच्या दारी.
ओटीचं ताट माझ्या डोक्यावरून गेलं.
हे आजारी माणसाचंच पथ्य ना?
घरात मी दुखणाईत,
कागदावर धडधाकट.

आमच्याकडं बायकाही आलो, गेलो, जेवलो म्हणतात.
दोष तेवढा बाईच्या क्रियापदात.
सातापाचा रिपोर्ट मी बसमध्ये वाचला,
दोनदा. आकडे खालचे.
बारा वर्षं भट्टीसमोर उभा आहे तो.
म्हणाला, आईला नको सांगू.
नाही सांगितलं.
अंगठा दिसतो म्हणून त्याचे पैसे मिळाले.
धग कुठं दिसते.

गुजरीत साज मोडला.
सोनार एकेक पान चिमट्यानं तराजूत टाकत होता,
एकवीस.
माझ्या पिशवीत पॉलिसीची बेचाळीस,
त्यांना वजन नव्हतं.

त्या रात्री एक मसुदा लिहायला बसले.
कुणी सांगितलेला नाही,
पानाचे वीस कुणाकडनं घ्यायचे?
कलम एक, संक्षिप्त नाव:
रिकामं सोडलं.
व्याख्या. "आजार" म्हणजे
ज्यापायी माणसाला मागच्या दारी बसवतात तो.
"खर्च" या संज्ञेत
औषध, एसटीचं भाडं, खाड्याचा पगार,
मोडलेला दागिना
आणि चौदा दिवस पाय न आपटता चालणं
यांचा समावेश होईल.
"कुटुंब" म्हणजे
जे अजून दोघंच आहेत, तेसुद्धा.

पुढं टाईप केलं: पोटकलम (१),
आणि हात थांबला.
हजारदा टाईप केलेला शब्द.
कुणी केला असेल हा,
कुठल्या सभागृहात, कुठल्या पंख्याखाली?
कलमाच्या आत कलम राहतं
म्हणून त्यांना पोट आठवलं.
मग इतके कायदे करताना
नेमकं तेवढंच कसं विसरले?

सकाळी हातकणंगल्याचे दोघं भाऊ आले,
बहिणीचं हक्कसोडपत्र करायला.
मसुदा झाकला, नवीन पान उघडलं.
बहीण खुर्चीच्या कडेवर बसलेली.
मी विचारलं, तुम्ही वाचलंत का?
भाऊ म्हणाला, तिला काय वाचायचंय.
मी तरी मोठ्यानं वाचून दाखवलं, सावकाश,
स्वल्पविरामाला सुद्धा थांबत.

संध्याकाळी गंगावेशीत,
नेमगोंडाकाकांच्या डेअरीत.
आमच्या गल्लीत वीज जाते,
म्हणून इंजेक्शनं त्यांच्या फ्रीजमध्ये,
श्रीखंडाच्या डब्यांमागं.
कसली, हे त्यांनी कधी विचारलं नाही.
बाहेर म्हशी दारात उभ्या, धारा चाललेल्या,
गिऱ्हाईक पेला धरून.
आज डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली,
त्यांच्या वाकड्या अक्षरात,
न्हाई-चा हेल तसाच ठेवून:

हे इकायचं न्हाई.
जपून ठेवनेत यावे.